वारले कुठे, वारले केव्हा

कळवणच्या तहसील कचेरीच्या आवारात बाजाराच्या दिवशी थोडा वेळ उभे राहिले, की प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आलेली माणसे दिसतात. कुणी दळवटकडचे, कुणी अभोण्याचे, कुणी सप्तशृंगी गडाच्या पायथ्याच्या नांदुरीतले. कांदा मार्केटला लावून, लिहिता-वाचता येणारा एखादा पुतण्या सोबत घेऊन आलेले. काय काम काढले म्हणून विचारावे, तर पुष्कळांचे उत्तर एकच असते: वारस लावायचेत. वडील जाऊन सात-आठ वर्षे झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. आता सोसायटीचे कर्ज काढायचे आहे, किंवा बहिणीचे नाव लावायचे आहे, किंवा वनहक्काच्या पट्ट्याला वारस नोंदवायचे आहेत. आणि तलाठ्याने पहिला कागद मागितला तो मृत्यूच्या दाखल्याचा. तो घरात नाही. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत काढायचा राहून गेला, किंवा काढला होता तो कुडाच्या घरात पावसाने गेला.

अशा माणसाला मी दोनच प्रश्न विचारतो. कुठे वारले? आणि केव्हा? या दोहोंची उत्तरे पक्की नसताना कचेरीची पायरी चढली, तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात. उत्तरे पक्की असली, तर काम बहुतेक वेळा एका खेपेत मार्गी लागते.

आधी 'कुठे'. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा देशभराचा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याचा पाया असा, की मृत्यू ज्या हद्दीत घडला त्या हद्दीच्या निबंधकाकडेच त्याची नोंद व्हायची. माणूस कोणत्या गावचा, रेशनकार्ड कुठले, मतदान कुठे, अंत्यविधी कुठे झाला, यातल्या कशानेही नोंदीचे ठिकाण ठरत नाही. घरात रुजलेली समजूत नेमकी याच्या उलट असते. मातीला ज्या गावात नेले, तिथल्याच ग्रामपंचायतीत नाव असणार, असे आपण धरून चालतो.

कनाशीचा माणूस छातीत दुखू लागले म्हणून नाशिकला नेला आणि तिथल्या दवाखान्यात गेला, तर त्याची नोंद नाशिक महापालिकेत. कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात गेला, तर ती कळवणच्या हद्दीत, कनाशीच्या वहीत नाही. कळवण-सुरगाण्याकडची कितीतरी कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला उतरतात. तिकडच्या मळ्यात कुणी दगावले, तर नोंद त्या मळ्याच्या गावात. गुजरातेत गेले, तर गुजरातेत. चालत्या वाहनात प्राण गेला, तर वाहन पुढे ज्या ठिकाणी पहिल्यांदा थांबेल तिथे गाडीच्या प्रमुखाने खबर द्यायची, असे नियमात आहे. जानेवारी २००८ मध्ये सप्तशृंगी गडाच्या घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी बाहेरगावच्या घरांनाही या नियमाचा सामना करावा लागतो. जे घाटातच गेले त्यांची नोंद घाटाच्या हद्दीत, जे उपचार चालू असताना नाशकात गेले त्यांची नाशकात. एकाच घरातली दोन माणसे, एकाच अपघातात, आणि दाखले दोन कचेऱ्यांचे.

हे मी स्वतःच्या घरच्या अनुभवाने शिकलो. आमच्या पणजोबांची नोंद हवी होती. ते गावातच गेले, असे घरात सगळे ठामपणे सांगत. गावच्या जुन्या वहीसाठी दोनदा अर्ज केला, आजूबाजूची चार-पाच वर्षे पाहून घेतली, नाव नाही. मग चुलत आजीला सहज विचारले, तर ती म्हणाली, "अरे, त्यांना शेवटी थोरल्या लेकीकडे नेलं होतं ना, हवापालटाला." लेकीचे गाव आठ कोसांवर. त्या गावच्या वहीत ओळ सापडली. दोन खेपा वाया गेल्या त्यात दोष कचेरीचा नव्हता. आम्ही घरातल्या म्हातारीला विचारायला उशीर केला होता.

आता 'केव्हा'. यात एप्रिल १९७० ही मधली रेघ समजावी. त्यानंतरचा मृत्यू खेड्यात झाला असेल, तर ग्रामपंचायत. तिथला ग्रामसेवक हाच निबंधक असतो. हल्ली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. कळवण शहरात झाला असेल, तर नगरपंचायत. कळवणला स्वतःलाही पूर्वी ग्रामपंचायतच होती, तेव्हा शहरातली जुनी नोंद मागताना "ग्रामपंचायतीच्या काळातली वही" असे स्पष्ट सांगितलेले बरे. खेड्यांत आणखी एक गुंता असतो. या भागात तीन-चार पाड्यांची मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत असते, आणि पुढे त्यातले एखादे गाव वेगळे होते. गाव वेगळे झाले तरी जुनी वही मूळ पंचायतीच्या कपाटातच राहते. आपल्या पंचायतीत नाव नाही म्हणून निराश होऊन परतण्याआधी, चाळीस वर्षांपूर्वी आपला पाडा कोणाच्या पंचायतीत होता, एवढे विचारावे.

एप्रिल १९७० च्या आधीच्या नोंदी महसूल खात्याच्या दप्तरात शोधायच्या. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, सरकारी भाषेत तो गाव नमुना नंबर १४. गावात कुणी जन्मले, कुणी वारले, याची खबर कोतवालाने आणायची आणि पाटील, कुलकर्णी, पुढच्या काळात तलाठी यांनी ती वहीत उतरवायची, अशी ती रीत. ही बुके आता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, गावनिहाय गठ्ठे करून, कापडी रुमालांत बांधून ठेवलेली असतात. १९६० च्या आसपासचा मृत्यू असेल, तर दोन्हीकडे पाहावे लागते, कारण १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानंतर नोंदीचे काम गावोगावी सारख्याच वेगाने पंचायतीकडे गेले नाही. देवळा तालुका पुढे वेगळा झाला, पण त्याआधी त्यातली कितीतरी गावे कळवणात होती. देवळ्याच्या माणसाने जुन्या नोंदीसाठी दोन्ही तहसिलींत विचारावे. सुरगाण्याची गोष्ट आणखी वेगळी. १९४८ पर्यंत ते संस्थान होते, त्यामुळे तिथले दप्तर इंग्रजी अमलातल्या तालुक्यांच्या साच्याने शोधता येत नाही.

साल आठवत नाही, ही बहुतेकांची अडचण. आपल्याकडे मृत्यू तारखेने लक्षात राहत नाही, तिथीने आणि प्रसंगाने राहतो. त्याचाच उपयोग करायचा. गडावरच्या चैत्रोत्सवाआधी की नंतर? नागलीची लावणी चालू होती का? धाकटा तेव्हा शाळेत होता का, कितवीत? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा ते होते का? धाकट्याचा शाळेचा दाखला काढला की त्याच्यावरून साल निघते. पित्राला ज्या तिथीला पान वाढतात तिच्यावरून निदान तिथी कळते, आणि वर्षाचा अंदाज असला तर जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीखही जुळवता येते. शोधाची फी वर्षामागे आकारतात, म्हणून दहा वर्षांचा पट्टा तीन वर्षांवर आणला तर पैसा वाचतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाने उलटणाऱ्या कारकुनाचा उत्साह टिकतो. अर्ज करताना "१९५५ ते १९५८, मौजे अमुक" असे लिहून द्यावे. "आमच्या आजोबांची नोंद शोधून मिळावी" एवढ्यावर कुणालाही काही शोधता येणार नाही.

जुने बुक समोर आले, तरी ते वाचणे वेगळे काम आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली पाने अनेकदा मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि ते ज्या कामासाठी हवे त्या कचेरीला चालेल अशाच जाणकाराकडून घ्यावे. पानावर रकाने असतात: तारीख, नाव, जात, स्त्री की पुरुष, वय, मृत्यूचे कारण. आडनाव बहुधा नसतेच. 'रामा वलद सोमा' म्हणजे सोमाचा मुलगा रामा. बाईच्या नावापुढे 'कोम' आले, की त्यानंतरचे नाव नवऱ्याचे. कागदोपत्री 'रामचंद्र' असलेला माणूस इथे 'रामा' किंवा 'राम्या' असू शकतो. तान्ह्या मुलांच्या ओळी तर नावाविनाच, नुसते बापाचे नाव आणि 'मुलगी'. आडनाव धरून शोधणारा माणूस आपल्याच आजोबांच्या ओळीवरून बोट फिरवून पुढे जातो. म्हणून जाण्याआधी घरातली जुनी नावे, टोपणनावे, बापाचे आणि आज्याचे नाव कागदावर लिहून न्यावे.

कारणाच्या रकान्यात 'ताप' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. त्या काळच्या सरकारी आकडेवारीत मृत्यूची कारणे मोजक्या खान्यांत विभागत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे रोग, अपघात, आणि उरलेली सगळी. वैद्य-डॉक्टर पाहिलेला नसे, मग गावाने सांगितले तो ताप. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे गेली, आणि त्यातले कितीतरी मृत्यू याच 'ताप' या दोन अक्षरांत सामावले. आमच्या पणजोबांच्या ओळीतही तोच शब्द आहे, आणि वय पंचेचाळीस. घरात आम्ही पिढ्यानपिढ्या सांगत आलो होतो, की ते म्हातारे होऊन गेले.

या जुन्या ओळींना आज जी किंमत आली आहे ती जातीच्या रकान्यामुळे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी कुटुंबांतल्या खापरपणजोबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते, म्हणजे शाळेचा दाखला नाही. जमीन नावावर नव्हती, म्हणजे हक्काची नोंदही नाही. मग त्या पिढीच्या अस्तित्वाचा आणि जमातीचा लेखी पुरावा उरतो तो मरणाच्या वहीतला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हाही ज्या दप्तरांचे रुमाल सुटले त्यांत हा चौदा नंबरचा नमुना होता. नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्यासाठी पणजोबाच्या मरणाची ओळ लागावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण नोंद करणाऱ्या त्या अनाम कोतवालाने पावसात चिखल तुडवत आणलेली खबर आज एका पोराच्या शिक्षणाला उपयोगी पडते, याचे मला मोल वाटते.

तहसिलीतून जे मिळते ती त्या पानाची नक्कल. अर्जावर कोर्ट फी तिकीट लावायचे, नक्कल फी भरायची, आणि मिळालेल्या प्रतीवर 'खरी नक्कल' असा शेरा, सही, शिक्का व तारीख आहे ना ते पाहायचे. मोबाईलने काढलेला पानाचा फोटो आपल्या माहितीपुरता. तो पुरावा म्हणून कुणी धरत नाही.

१९७० नंतरच्या नोंदीचा जो मिळतो तो मृत्यूचा दाखला, नमुना ६. हा कायद्याने पुरावा मानलेला कागद आहे. नोंद वेळेत केली, की पहिली प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ती सात दिवसांच्या आत. पुढच्या प्रतींना फी आहे, ती अगदी किरकोळ आहे. पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेवाव्यात. तलाठी, बँक, सोसायटी, विमा, पेन्शन, प्रत्येकाला एक लागते. हल्लीच्या नोंदी केंद्राच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत होतात आणि दाखल्यावर क्यूआर कोड येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद मात्र बहुधा हाताने लिहिलेल्या वहीतच असते, तिथे ऑनलाइन नाव टाकून 'नाही' आले म्हणून नोंदच नाही असे समजू नये. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला मिळणे ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे. अर्जाची पोच मागून घ्यावी, मुदत टळली तर त्या पोचेच्या आधारावर अपील करता येते.

एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फी भरून नोंदीचा शोध घ्यायला कुणीही सांगू शकतो, त्याला नातेवाईकच असायला हवे असे नाही. मात्र मिळणाऱ्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दाखवता येत नाही. वहीत ते असते, दाखल्यावर नाही. इंग्लंडमध्ये १८३७ पासून मध्यवर्ती नोंदणी आहे, आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणही छापलेले असते. आपल्या कायद्याने गेलेल्या माणसाच्या आजाराला आडोसा दिला आहे, आणि ते मला योग्य वाटते. विम्यासाठी कारण लागत असेल, तर दवाखान्याने दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळे जपून ठेवावे. नव्या दुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते.

आता ज्यांची नोंद झालीच नाही त्यांच्याविषयी. पाड्यावर, घरात, रात्री म्हातारा माणूस गेला. डॉक्टर नाही, कागद नाही, सकाळी अग्नी दिला. अशा मृत्यूची खबर द्यायची जबाबदारी कायद्याने कुटुंबप्रमुखावर आहे आणि मुदत २१ दिवसांची. ग्रामसेवकाकडे चार गावांचा कारभार, पंचायतीचे कार्यालय डोंगराच्या पलीकडे, तेव्हा ही मुदत कशी निघून जाते ते या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. आशाताई, अंगणवाडीसेविका, पोलीस पाटील यांच्या कानावर घातले तर निदान खबर पुढे पोचते, पण पोचली की नाही ते पुन्हा विचारायचे काम आपलेच.

२१ दिवस उलटले पण महिना झाला नाही, तर विलंब शुल्क भरून निबंधक नोंद करतो. महिन्यानंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले, की पूर्वी कोर्टाची ऑर्डर आणावी लागे, म्हणून आजही लोक "कोर्टातून करावं लागतं" असेच सांगतात. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने या उशिराच्या अर्जांची कार्यपद्धती आणखी कडक केली, स्थानिक चौकशी आणि पोलिसांचा अहवाल त्यात आला.

या वाटेवरचा पहिला कागद म्हणजे नमुना १०, नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र. ते संबंधित निबंधकाकडून घ्यायचे. त्यासोबत मृत्यूचे ठिकाण आणि तारीख दाखवणारे जे काही असेल ते: दवाखान्याची चिठ्ठी, स्मशानातली पावती, पंचनामा, रेशनकार्डातून नाव कमी केल्याची नोंद, पेन्शन बंद झाल्याचे पासबुकातले पान. छापलेली दशक्रियेची पत्रिकाही टाकून देऊ नये. गावातल्या दोन वयस्कांचे जबाब लागतील, तर ते हयात आहेत तोवर घ्यावेत.

घरातून निघून गेलेला आणि सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा ज्यांना कळायला हवा त्यांनाही कळला नाही, त्याच्यासाठी मात्र ही वाट नाही. सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यात आहे, पण तसा निर्णय दिवाणी न्यायालयाकडून मिळवावा लागतो. त्यात पहिला आधार असतो पोलिसांत दिलेली हरवल्याची तक्रार. मजुरीला गेलेला माणूस परतला नाही म्हणून वाट पाहत बसलेल्या घरांनी ती तक्रार पहिल्याच महिन्यात द्यावी.

परदेशी असलेल्या मुलांना दाखला तिकडे वापरायचा असेल, तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण, करून घ्यावे लागते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. जुना हस्तलिखित दाखला यासाठी देऊ नये, त्याच नोंदीवरून नवा काढून घ्यावा.

दाखला हातात आला की खिडकीपासून दूर जाण्याआधी तो वाचावा. त्यावर तीन तारखा असतात: मृत्यूची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. वारस नोंदीच्या अर्जात पुष्कळजण दुसरीच तारीख लिहितात आणि अर्ज परत येतो. नाव आधार आणि सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळते का, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव पूर्ण आहे का, 'दगा' चे 'दादा' झाले नाही ना, हे पाहावे. चूक असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधक पुरावा पाहून दुरुस्ती करतो, आणि ती मागणे दहा वर्षांनंतरपेक्षा आज सोपे असते. नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि कचेरीचे नाव घरातल्या दोन-तीन मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावे. कागद पुन्हा भिजला, तरी या तीन गोष्टी सांगितल्या की नवी प्रत काढायला वही शोधत बसावे लागत नाही.